पाणी लागणे : ठाकूरद्वारच्या विहिरींविषयी

मराठीत ‘पाणी लागणे’ या वाक्प्रयोगाचे दोन अर्थ होतात. विहीर खणताना कुदळीखालची माती ओलसर होऊ लागली, झरा फुटला, की विहिरीला पाणी लागते. आणि परगावी गेलेला माणूस चार दिवसांत अंथरुणाला खिळला, की त्याला तिथले पाणी लागलेले असते. पहिल्या प्रसंगी नारळ फुटतो, दुसऱ्या प्रसंगी वैद्याकडे धाव घ्यावी लागते. प्रस्तुत लेखात या दोन्ही अर्थांनी गिरगावातल्या, त्यातही ठाकूरद्वारच्या विहिरींकडे पाहण्याचा विचार आहे. मात्र ज्या पाण्याविषयी लिहायचे त्याचा दोष डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि जिभेलाही सहसा जाणवत नाही. तो दोष म्हणजे नायट्रेट. आपल्या जुन्या भाषेत सांगायचे तर सोरा.

माझे आजोळ ठाकूरद्वारचे. चाळीच्या मागच्या चौकात एक विहीर होती. तिच्यावर दगडी फरशा बसवलेल्या होत्या आणि एका कोपऱ्यात लोखंडी झाकण होते, ज्याला कुलूप असे. मुले आत पडू नयेत म्हणून हे केले असावे, अशी माझी समजूत. आजीने एकदा सांगितले की ते झाकण डासांसाठी आहे. तेव्हा मला ते हास्यास्पद वाटले होते. पुढे वाचनाच्या ओघात कळले की आजी अगदी बरोबर होती आणि एका परीने मुंबईच्या विहिरींचा विसाव्या शतकातला सारा इतिहास तिने त्या एका वाक्यात सांगितला होता.

ठाकूरद्वारचा नाका आज जिथे आहे तो भाग मूळचा वाळूचा. पश्चिमेला बॅक बेचा समुद्र, मलबार टेकडीच्या आणि पूर्वेकडच्या जुन्या बेटांच्या मधली सखल जमीन, वर शंखशिंपल्यांची भरड वाळू, खाली काळा कातळ. अशा जमिनीत थोड्या खोलीवर पाणी मिळते, आणि जिथे पाणी मिळते तिथे माड लागतात. मुगभाट, बोरभाट यांतला ‘भाट’ आणि झावबावाडी, फणसवाडी, केळेवाडी, खोताची वाडी यांतली ‘वाडी’ ही त्या बागायतीची शिल्लक राहिलेली खूण. गिरगावकर ‘आमच्या वाडीत’ असे म्हणतो तेव्हा तो नकळत एका माडांच्या बागेचा उल्लेख करीत असतो. या बागांना शिंपणे घालण्यासाठी विहिरी खणल्या गेल्या. माणसे नंतर आली.

या माडांना खत कशाचे घालीत? सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत येऊन गेलेल्या जॉन फ्रायरसारख्या इंग्रज प्रवाशांनी नाक मुरडून लिहून ठेवले आहे की माडांच्या मुळाशी मासळी पुरली जाते आणि तिच्या दुर्गंधीने बेटाची हवा बिघडते. अठराव्या शतकात कंपनी सरकारने या खताला मज्जाव करण्याचे प्रयत्नही केले. त्या काळचा रोगविचार हवेचा होता. दुर्गंध म्हणजे रोग, असा सरळ हिशेब. कुजलेल्या मासळीतून पावसाच्या पाण्याबरोबर खाली काय झिरपते, हा प्रश्न कोणाला पडण्याचे कारण नव्हते. ती मासळी कधीच विरघळून समुद्राला मिळाली. परंतु गिरगावच्या वाळूत नत्र घालण्याची सुरुवात माणसांच्या दाटीच्या आधी झाली होती, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

मराठी वाचकाला जुन्या मुंबईच्या पाण्याची ओळख होते ती प्रामुख्याने दोन ग्रंथांमधून. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले; विहार तलावाचे पाणी शहरात येऊन तेव्हा तीनेक वर्षेच झाली होती. बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ १८८९ चा. तोपर्यंत तुळशीचे पाणीही (१८७९) आले होते आणि तानसाचे (१८९२) यायचे होते. अशा वर्णनपर ग्रंथांच्या परंपरेत तलाव आणि विहिरी येतात त्या बहुधा दातृत्वाच्या प्रकरणात. कोणत्या शेटजीने कोठे तलाव बांधला, कोठे घाट बांधला, कोठे पाणपोई घातली, याची नोंद असते. पाण्याविषयी सांगायचे ते चवीच्या शब्दांत: गोड, खारे, मचूळ, जड, हलके. शहराने नावे ठेवली तीही याच चालीवर. झवेरी बाजाराजवळ ‘खारा कुवा’ आहे. कावसजी पटेल, मुंबादेवी, गोवालिया, बाबुला हे तलाव बुजले आणि नावे उरली.

ही चवीची परिभाषा कमी लेखण्यासारखी नाही. समुद्रकाठच्या गावात चव हीच पहिली परीक्षा असते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्या शब्दांत साठलेला असतो. तिची मर्यादा एवढीच की जिभेला जे कळते त्यालाच तिच्यात शब्द आहे. इतिहासलेखनासाठी आपण जेव्हा या साधनांकडे वळतो तेव्हा ही मर्यादा आपल्याकडेही चालत येते, आणि ‘जुन्या काळी गिरगावात विहिरींना अमृतासारखे पाणी होते’ अशी वाक्ये आपण विनातक्रार उतरवून घेतो.

आता थोडे रसायन. साहित्याच्या वाचकांनी त्याला कंटाळू नये, कारण पुढचा सारा विषय त्यावर उभा आहे. मलमूत्रातले नत्र जमिनीत गेले की त्याचा आधी अमोनिया होतो, मग नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट. हे काम जमिनीतले सूक्ष्मजीव करतात. ते सजीवांचे काम आहे हे १८७७ साली श्लोसिंग आणि म्युंत्स या दोन फ्रेंच रसायनज्ञांनी दाखवले. त्यांनी वाळूने भरलेल्या उभ्या नळीतून सांडपाणी सावकाश जाऊ दिले. काही आठवड्यांनी खालून जे पाणी निघाले त्यात नायट्रेट होते. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते बनणे थांबले. गिरगाव ही निसर्गाने रचलेली तशीच एक वाळूची नळी होती, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. वरून सांडपाणी, खाली विहीर. अमोनिया काही प्रमाणात मातीला धरून राहतो. नायट्रेट मातीला चिकटत नाही, ते पाण्याबरोबर खाली उतरते.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक साधा हिशेब करून पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरातून दिवसाला ढोबळमानाने १० ते १२ ग्रॅम नत्र बाहेर पडते, त्यातले बहुतेक मूत्रावाटे. १० ग्रॅम नत्राचे पूर्ण रूपांतर झाले तर सुमारे ४४ ग्रॅम नायट्रेट होते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालते. म्हणजे एका माणसाचे एका दिवसाचे नत्र जवळजवळ हजार लिटर शुद्ध पाण्याला त्या मर्यादेवर नेऊन ठेवू शकते. सगळेच काही विहिरीत पोचत नाही. काही हवेत उडते, काही झाडे घेतात, काही समुद्राकडे वाहून जाते. तरीही चाळीतली बिऱ्हाडे मोजावीत आणि चौकातली विहीर आठवावी.

हे नायट्रेट आपल्या पूर्वजांना अगदीच अपरिचित होते असे नाही. जुन्या घराच्या भिंतीला जो पांढरा लोणा लागतो, त्यात इतर क्षारांबरोबर तेही असते. गोठ्याची, जुन्या वस्तीची माती धुऊन तिच्यातून सोरा काढणे हा या देशातला जुना धंदा. बिहारमध्ये तो करणारी नोनिया ही जातच होती. बिहारचा सोरा ईस्ट इंडिया कंपनीने जहाजे भरभरून विलायतेला नेला आणि युरोपातल्या लढायांची दारू त्यावर पेटली. माणसे आणि गुरे जिथे दीर्घकाळ राहतात तिथल्या मातीत सोरा धरतो, हे ज्ञान होते. तोच सोरा विहिरीच्या पाण्यात उतरतो आणि ते पाणी आपण पितो, ही जोडणी मात्र झाली नाही. सोरा बाजारात, लोणा भिंतीवर आणि पाणी कळशीत. तिन्ही शब्द एकमेकांना भेटले नाहीत.

एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या एका रसायनज्ञाने ही भेट घडवून आणली. एडवर्ड फ्रँकलंड हा लंडनला होणाऱ्या पाणीपुरवठ्याचे नियमित परीक्षण करीत असे. पाण्यात सापडणारे नायट्रेट, नायट्राइट आणि अमोनिया यांतले नत्र मोजायचे, पावसाच्या पाण्यात मुळात असते तेवढे वजा करायचे, आणि उरलेल्या नत्राला किती सांडपाणी कारणीभूत झाले असेल ते काढायचे, अशी त्याची रीत. या आकड्याला त्याने जे नाव दिले त्याचा अर्थ ‘पूर्वीचे सांडपाण्याचे दूषण’ असा होतो. आज पाणी निवळशंख दिसेल, घाण पूर्णपणे जळून-विरून गेली असेल, तरी ती एकेकाळी त्यात होती, एवढे नायट्रेट सांगते. यावर त्याच्या समकालीनांनी बरीच टीका केली. पूर्वी कधी काळी मळलेले पाणी आज निर्दोष असेल तर त्याला भूतकाळाची शिक्षा का, असा त्यांचा सवाल होता आणि तो अगदीच गैरलागू नव्हता. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला फ्रँकलंडची कल्पना मोहात पाडते. विहिरीचे पाणी हा एक दस्तऐवज आहे आणि त्याचे वाचन करता येते, असे तो सांगत होता.

ठाकूरद्वारसारख्या जागी तर हे वाचन विशेष उपयोगी पडते. पाण्यात सांडपाणी मिसळले आहे की नाही हे ताडण्याची दुसरी सोपी खूण म्हणजे क्लोराइड, अर्थात मीठ. मूत्रात मीठ असतेच. पण समुद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या विहिरीत मीठ समुद्राचेही असते. खारटपणावरून काहीच ठरवता येत नाही. समुद्राच्या पाण्यात नायट्रेट मात्र अत्यल्प असते. तेव्हा गिरगावच्या मचूळ विहिरीत समुद्राचा वाटा किती आणि शेजाऱ्यांचा किती, हे जिभेला कळणार नाही. नायट्रेट सांगू शकते.

विहिरीभोवती शेजारी कोण कोण होते? ठाकूरद्वारहून समुद्राकडे चालू लागले की सोनापूर लागते. ख्रिस्ती आणि मुसलमान दफनभूमी आणि हिंदूंचे स्मशान, अशी ही मृतांची वसाहत शहराच्या वेशीबाहेर म्हणून वसली आणि शहर तिच्यापर्यंत येऊन थडकले. हिंदूंचे स्मशान तेथून दूर हलवण्याचा सरकारी बेत नाना शंकरशेट यांनी उधळून लावला, ही हकीकत त्यांच्या चरित्रांतून प्रसिद्धच आहे. (गिरगाव रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे.) स्मशानाच्या स्थलांतराच्या बाजूने जो युक्तिवाद होत असे तो पुन्हा हवेचाच: धूर, वास. जमिनीखालच्या पाण्याचा विचार करायचा तर दहनापेक्षा दफनाचा करायला हवा होता.

लंडनमध्ये तो झाला. ऑल्डगेटच्या सार्वजनिक पंपाचे पाणी चवदार आणि तजेलदार म्हणून नावाजलेले होते. रासायनिक तपासणीनंतर ध्यानात आले की ते पाणी दफनभूमींखालून येते आणि त्याच्या चवीत मृतांच्या अस्थींमधल्या चुन्याचा वाटा आहे. १८७६ साली तो पंप न्यू रिव्हर कंपनीच्या नळाला जोडण्यात आला. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची गोष्ट याहून प्रसिद्ध. १८५४ च्या कॉलऱ्यात जॉन स्नो याने त्या पंपाकडे बोट दाखवले. त्या पाण्याची चव इतकी आवडती होती की हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा ते मुद्दाम मागवून घेत असे. ते पिऊन ती मेली. तेव्हा ‘अमृतासारखे पाणी’ हे प्रशस्तिपत्र आपण जरा बेतानेच वाचावे.

योगायोग असा की त्याच १८५४ साली मुंबईत पाण्याचा दुष्काळ पडला होता. पावसाने ओढ दिली, विहिरी आटल्या, सरकारने गुरे माहीमकडे हलवली आणि बाहेरून पाणी आणून शहरातल्या विहिरींत ओतण्याची वेळ आली. लंडन पाण्यात काय आहे हे विचारीत होते. मुंबई पाणी आहे का एवढेच विचारीत होती. हेन्री कॉनीबेअर यांची विहारची योजना या टंचाईतून पुढे रेटली गेली.

मृतांविषयी इतके लिहिल्यानंतर हेही सांगायला हवे की गिरगावच्या भूजलात त्यांचा वाटा जिवंतांच्या मानाने किरकोळच असणार. घरांच्या दोन रांगांमध्ये जी अरुंद बोळ असे, जिला मुंबईकर आजही ‘हाउस गल्ली’ म्हणतात, ती खरी सोऱ्याची खाण. शेतखान्याच्या टोपल्या तिथे. मोऱ्यांचे पाणीही तिथेच. टोपल्या उचलून नेण्याचे काम हलालखोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सफाई कामगारांचे. शहराच्या आरोग्यखात्याची सारी इमारत त्यांच्या डोक्यावरच्या टोपलीवर उभी होती, आणि विहिरीला शिवण्याची मुभा त्यांनाच नव्हती. टोपलीत जे गेले ते वस्तीबाहेर गेले. जे पातळ होते ते जमिनीत मुरले. सवर्ण घरांच्या विहिरीचे पाणी ‘विटाळा’पासून कटाक्षाने राखले जात होते, आणि त्याच घरांची मोरी दहा हातांवरून त्याच विहिरीत उतरत होती.

शुद्धी या शब्दाचा हा पेच मुंबईपुरता नाही. रावबहादूर बोले यांच्या १९२३ च्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे झाले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करून घेतले. पंचगव्यात शेण आणि गोमूत्र असते. गोमूत्रातला युरिया आणि शेणातले नत्र पाण्यात गेल्यावर त्याचे पुढे काय होते, ते वर आलेच आहे. सामाजिक अन्यायाचा हा प्रसंग रसायनाच्या तराजूत तोलण्याचा नाही, हे मी जाणतो. पण ज्यांनी तळे बाटले म्हटले त्यांनीच त्यात प्रत्यक्ष घाण ओतली, हे विधान केवळ रूपक म्हणून करण्याची गरज नाही. ते अक्षरशः खरे आहे.

पुन्हा ठाकूरद्वारला येऊ. विहारचे पाणी १८६० मध्ये आले, पण ते वाहून नेणारी गटारे आली नाहीत. ही गोष्ट मुंबईच्या नागरी इतिहासात नेहमी सांगितली जाते, परंतु तिचा विहिरींवरचा परिणाम तितकासा ध्यानात घेतला जात नाही. घरात पाणी वाढले की सांडपाणी वाढते. पूर्वी ओढून, डोक्यावरून आणलेले मोजके पाणी मोरीत सांडत होते. आता नळाचे सांडू लागले, आणि जमीन पाण्याने फुगली. नवे, स्वच्छ, डोंगरातले पाणी आले आणि त्यानेच जुन्या विहिरींत घाण उतरवण्याचे काम अधिक वेगाने केले. भुयारी गटारांची कामे पुढची काही दशके रखडत-लांबत चालली. दरम्यान लोक नळाचे पाणी पीत होते, विहिरीचेही पीत होते. सोवळ्यातल्या स्वयंपाकाला, देवपूजेला विहिरीचेच पाणी हवे असा आग्रह होता. चामड्याचे वायसर असलेल्या नळाचे पाणी चालते की नाही, हा वाद आपल्याकडे किती काळ रंगला, हे जुन्या आठवणी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

विहिरींवर शेवटी घाव घातला तो प्लेगने नव्हे, कॉलऱ्यानेही नव्हे, डासांनी. मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांचा शोध घेण्यासाठी नेमलेल्या सी. ए. बेंटली यांचा अहवाल १९११ साली आला. हिवताप पसरवणारा ॲनॉफेलीस स्टेफेन्सी हा डास शहराच्या विहिरींत आणि टाक्यांत अंडी घालतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. दलदलीत नाही, शेतात नाही, तर भर वस्तीत, चौकातल्या विहिरीत. तेव्हा विहिरी बुजवा, नाहीतर घट्ट झाकून टाका. महापालिकेच्या नोटिसा निघू लागल्या आणि हिंदू, पारशी, जैन अशा सर्वांकडून विरोध सुरू झाला.

या विरोधाचा सर्वांत वाचनीय साक्षीदार म्हणजे रुस्तम पेस्तनजी मसानी. महापालिकेच्या सेवेतला हा पारशी विद्वान पुढे आयुक्तही झाला. १९१८ साली त्यांनी विहिरींच्या लोककथांवर एक इंग्रजी पुस्तक लिहिले: ‘फोकलोअर ऑफ वेल्स’. विहिरी बंद करण्याच्या मोहिमेत ज्या तक्रारी, ज्या दंतकथा, जी भीती त्यांच्या कानांवर आली, तिच्यातून या पुस्तकाचा जन्म झाला. कोणत्या विहिरीत कोणता वीर राहतो, कोणती बुजवल्यावर घरात मृत्यू झाला, कोणत्या विहिरीला दिवा लावतात; आणि मग पूर्व-पश्चिमेकडच्या जलपूजेचा विस्तृत आलेख. पाण्याला ऊन-वारा लागला नाही तर ते धर्मकृत्याला चालत नाही, असाही एक आक्षेप होता. त्यावर तोडगा म्हणून जाळीच्या झाकणांना काही ठिकाणी परवानगी मिळाली. चर्चगेटजवळची १७२५ मधली भिखा बेहराम विहीर आजही श्रद्धेने जपलेली आपण पाहतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मसानींचे हे पुस्तक अवश्य वाचावे. नोटीस काढणाऱ्या कार्यालयातल्या माणसाने नोटिशीला आलेल्या उत्तरांत वाङ्मय पाहिले, हे दृश्य आपल्याकडे विरळा. मला येथे एका निराळ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. या सबंध वादात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, विहीर पवित्र आहे. दुसरा म्हणतो, विहिरीत डास आहेत. विहिरीतल्या पाण्यात काय मुरले आहे, हा प्रश्न दोघांच्याही मधून निसटून जातो. डास पाण्याच्या पृष्ठभागावर असतो. झाकण लावले की प्रश्न सुटला. त्यानंतर पाणी पंपाने काढा, वापरा. पृष्ठभागाखालच्या पाण्याशी हिवतापाच्या खात्याला कर्तव्य नव्हते, आणि तो त्याचा दोष म्हणता येत नाही. त्याला जे काम दिले होते ते त्याने केले. पण परिणाम असा झाला की विहिरी झाकल्या गेल्या तेव्हा त्यांच्याविषयीची जिज्ञासाही झाकली गेली. जंतुशास्त्राचा उदय झाला होता, पाणी उकळले की जंतू मरतात हे सर्वतोमुखी झाले होते, आणि फ्रँकलंडची ती रासायनिक बखर जुनाट ठरली होती.

उकळण्याचा हा उपाय नायट्रेटच्या बाबतीत उलटा पडतो. पाणी उकळले की वाफ जाते, नायट्रेट राहते. ते थोडे दाटच होते. शिवाय नायट्रेट ही भूतकाळातल्या घाणीची निरुपद्रवी खूण आहे ही समजूतही टिकली नाही. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरने शेतावरच्या विहिरींचे पाणी दुधात मिसळून पाजलेली बाळे निळी पडत असल्याचे प्रसिद्ध केले. नायट्रेटचे शरीरात नायट्राइट होते आणि ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते. तान्ह्या मुलांना हे सर्वाधिक बाधते. गिरगावच्या चाळींत शंभर वर्षांपूर्वी जी अर्भके दगावली त्यांच्या मृत्यूची कारणे ताप, जुलाब, आकडी अशी लिहिली जात. त्यांत कोणाच्या बाबतीत विहिरीचे पाणी ‘लागले’ होते, हे आता कोणत्याही दप्तरातून निघणार नाही. आईच्या दुधावर वाढणाऱ्या मुलाला हा धोका कमी, एवढा दिलासा त्या काळाला होता.

विहिरी गेल्या, असे आपण म्हणतो. तेही पूर्ण खरे नाही. २०१९ साली आझाद मैदान पोलीस ठाण्यात एक गुन्हा नोंदवला गेला. काळबादेवीतील एका इमारतीच्या आवारातील विहिरींतून वर्षानुवर्षे पाणी उपसून टँकरने विकले, आणि त्या पाण्याची किंमत ७३ कोटींच्या घरात जाते, असा आरोप होता. ठाकूरद्वारहून पायी काही मिनिटांवरची ही जागा. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या परवानगीवरून महापालिकेने विहीरमालकांना नोटिसा दिल्या, टँकरवाल्यांनी संप पुकारला आणि शहराची बांधकामे, हॉटेले, सोसायट्या अडचणीत आल्या. तेव्हा अनेकांना प्रथमच समजले की मुंबई अजून आपल्या पोटातले पाणी वापरते. भुयारी मेट्रोच्या बोगद्यांमुळे आतश बेहरामांना आणि तिथल्या विहिरींच्या पाण्याला बाधा पोचेल अशी भीती घेऊन पारशी भाविक २०१८ मध्ये उच्च न्यायालयात गेले होते. ते बोगदे झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावचे स्थानकही सुरू झाले. शंभर वर्षांच्या अंतराने विहिरीचा वाद पुन्हा पावित्र्य आणि महसूल यांच्या भाषेत झाला. पाण्यातले रसायन याही खेपेला पक्षकार नव्हते.

जिथे विहिरीचे आणि बोअरचे पाणी आजही पोटात जाते तो महाराष्ट्र ठाकूरद्वारपासून दूर आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात राज्यातील तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले, आणि देशातल्या सर्वाधिक बाधित जिल्ह्यांच्या यादीत वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, जळगाव, नांदेड, बीड ही नावे आली. तिथे युरियाचे पोते आहे, गुरांचा गोठा आहे आणि अलीकडच्या काळात बांधलेले, खाली शोषखड्डा असलेले शौचालय आहे. बहुतेकदा घराच्या बोअरपासून थोड्याच अंतरावर. शौचालय बांधणे आवश्यकच होते. गिरगावात नळ आधी आला आणि गटार मागाहून. तिथे शौचालय आले आहे आणि मैला वाहून नेणारी व्यवस्था यायची आहे. आपल्या ग्रामीण साहित्यात विहीर पुष्कळ येते: आटलेली, नाकारलेली, जीव देण्याची. तुडुंब भरलेली, निवळ पाण्याची आणि तरीही बाधणारी विहीर मला अजून फारशी भेटलेली नाही. तिला नाट्य नाही, हे खरे. ती कोणाला एका दिवसात मारीत नाही.

आजोळची चाळ पाडली जाऊन तिथे आता उंच इमारत उभी राहिली आहे. विहीर बुजवलेली नाही. तळघरातल्या वाहनतळाच्या एका कोपऱ्यात तिच्यावर सिमेंटचा चौथरा आहे, पोलादी झाकण आहे आणि त्यातून एक जाड नळी वर जाते. ते पाणी संडासांच्या टाक्यांना पुरवले जाते. गेल्या उन्हाळ्यात मी तिथे गेलो तेव्हा पंपाची दुरुस्ती चालली होती आणि झाकण उघडे होते. आत डोकावून पाहिले. बरेच खाली, काळे, स्थिर पाणी दिसले. पंपवाल्याने नळीचे तोंड मोकळे केले, भळभळ वाहणारे पाणी ओंजळीत धरले, थोडे तोंडात घेऊन चूळ भरली आणि समाधानाने म्हणाला, “गोड पाणी आहे, साहेब. एवढ्या जवळ समुद्र आहे, पण बघा, अगदी गोड.”